मूल काही सांगू लागलं तर पहिली दहा मिनिटं काय करायचं?

पाटी_पेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट एकतीस. मागच्या आठवड्यात तालुक्याला बालसुरक्षा आणि पोक्सोचं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) प्रशिक्षण झालं. एका सभागृहात आम्ही दीडशेच्या वर शिक्षक. साडेअकराला सुरू, दीडला जेवण, तीनला प्रमाणपत्र. पडद्यावर एकामागून एक कलमं येत होती, मी ती सगळी वहीत उतरवून घेतली. शेवटी हात वर करून विचारलं, "सर, उद्या मधल्या सुट्टीत एखादी मुलगी येऊन म्हणाली की बाई, काका मला त्रास देतो, तर मी काय करायचं?" ते म्हणाले, "कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवायचं." म्हटलं, "ते कळलं सर. पण तिला काय म्हणायचं?" तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं.

हा प्रश्न माझ्या मनात सहा वर्षं आहे. आधीच्या शाळेत तिसरीतली एक मुलगी रोज पोट दुखतंय म्हणून वर्गाबाहेर बसायची. एक दिवस ती माझ्या टेबलाचा कोपरा नखाने खरवडत, वर न बघता, काहीतरी सांगायला लागली. आणि मी दचकून बोलून गेले, "काय? कोण? खरं सांगतेस ना?" तिने नख उचललं, "काही नाही बाई" म्हणाली आणि निघून गेली. पुन्हा कधी बोलली नाही. जूनमध्ये घरच्यांनी दाखला नेला.

इथे शिक्षक, डॉक्टर, पोलीस, अंगणवाडीतल्या ताई, सगळे आहेत. तुम्हाला कुणी हे शिकवलं का? कसं शिकवलं? मराठीत काही चांगलं मिळतं का?

कोकणकडा

वाचनखूण साठवली. बाई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

मुख्यसेविका_बीट३

पाटी_पेन्सिल ताई, आमच्याकडेही तेच. माझ्या बीटात सव्वीस अंगणवाड्या. सेविकांना कुपोषणाचं प्रशिक्षण चांगलं मिळतं, कारण तिथे वजनकाटा असतो, उंची मोजायची पट्टी असते, हाताने करून बघता येतं. बालसंरक्षणाचं म्हटलं की भाषण. माझी एक सेविका म्हणाली होती, "मॅडम, दंडाचा घेर मोजायची पट्टी तुम्ही दिली, भीती मोजायची पट्टी कुठाय?"

खरं तर ती पट्टी सेविकेकडेच असते. रोज येणारं पोर अचानक गप्प झालं, शी-शूला न्यायला गेल्यावर अंग चोरू लागलं, एका ठरावीक माणसाबरोबर घरी जायला नको म्हणू लागलं, तर ते सर्वात आधी तिलाच कळतं. प्रशिक्षणात तिचं हे बघणं कुणी विचारातच घेत नाही.

सावली

मी पोक्सो प्रकरणांत सहाय्यक व्यक्ती म्हणून काम करते. बालकल्याण समिती नेमते. जबाब, वैद्यकीय तपासणी, कोर्टाच्या तारखा, या सगळ्यांत आम्ही मूल आणि कुटुंबाबरोबर असतो. २०२० च्या पोक्सो नियमांत आमचं काम नीट लिहिलेलं आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या नेमणुकांबाबत राज्यांना सविस्तर निर्देश दिले. तरी पुष्कळ कुटुंबांना असं कुणी मागता येतं हेच माहीत नसतं.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. आम्हाला हे तोंडी शिकवलं नाही, करून घेतलं. एकीने मूल व्हायचं, दुसरीने बाई. पहिल्या खेपेला आम्ही सगळ्याजणी तुमच्यासारख्याच दचकलो. कुणी "अगं बाई!" म्हणाली, कुणी थेट जवळ घेतलं, एक तर रडायलाच लागली. चौथ्या-पाचव्या खेपेला तोंडात शब्द बसले. ते असे:

"तू मला सांगितलंस हे बरं केलंस." "यात तुझी काही चूक नाही." "मी तुझं ऐकतेय." आणि "हे थांबवायला मला अजून एक-दोन मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल, कुणाची ते मी तुला सांगेन."

शेवटचं वाक्य सर्वात अवघड. कारण मूल आधी म्हणतं, "बाई, कुणाला सांगू नका हं." आणि आपल्या तोंडून पटकन "नाही सांगणार" निघून जातं. ते वचन आपल्याला पाळता येणार नसतं. ते मोडलं की त्या पोराचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही जातो.

"खरं सांगतेस ना?" आणि "का नाही सांगितलंस आधी?" हे दोन प्रश्न कधीच नाहीत. मूल जेवढं सांगेल तेवढं ऐकायचं, खोदून विचारायचं नाही. नंतर लगेच त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, तारीख आणि वेळेसकट. पोर "काका शू च्या जागी चावतो" म्हणालं तर तसंच लिहायचं. त्याचं शुद्ध मराठी करायचं नाही.

खडू_फळा

माझं मत थोडं वेगळं आहे. तीस वर्षं शिकवतोय. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर शाळांवर कॅमेरे, चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती, या सगळ्याची एकदम सक्ती झाली. हे हवंच. पण प्रत्येक पुरुष शिक्षकाकडे संशयाने बघितलं जातं त्याचं काय? पूर्वी पहिलीतलं पोर पडलं की उचलून घ्यायचो. आता गुडघा फुटला तरी आधी बाईंना हाक मारतो. एखाद्याने सूड म्हणून खोटी तक्रार केली तर नोकरी, अब्रू सगळं जातं. प्रशिक्षणात यावर कुणी एक शब्द बोलत नाही.

खाकी_निवृत्त

खडू_फळा सर, तुमची भीती मला समजते, म्हणून नीट उत्तर देते. खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ खाली शिक्षा आहे. मात्र तक्रार मुलाने केली असेल तर त्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे कलम १९ मध्येच लिहिलेलं आहे. उलट माहिती असून कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत कैद.

आता माझा अनुभव. मी महिला फौजदार म्हणून निवृत्त झाले. मुलाचा जबाब गणवेशात घ्यायचा नाही, शक्यतो त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल तिथे घ्यायचा, असं कायद्यातच आहे. पण जीप दारात उभी राहिली की गणवेश नसला तरी अख्ख्या आळीला कळतं. हे मला कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. मग मी जीप गावाबाहेर ठेवून साडीत चालत जायला लागले. एका घरी आजी तांदूळ निवडत होती. मीही सूप घेऊन बसले. तासभर आम्ही तिघी खडे वेचत होतो. नात आधी नुसती बघत होती, मग म्हणाली, "तुम्हाला खडे दिसत नाहीत, मी काढते." त्यानंतर ती बोलली. पूर्ण जबाब त्या सुपाच्या कडेला झाला.

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असतो. बाई, तुमच्या ठाण्यातला कोण आहे ते आजच विचारून नाव-नंबर लिहून ठेवा. प्रसंग आल्यावर शोधू नका.

नवी_आई_पुणे

थोडं हलकं लिहू का? लेकाला बालवाडीत चांगला-वाईट स्पर्श शिकवला. "नाही म्हणा, तिथून निघा, मोठ्यांना सांगा." दुसऱ्या दिवशी लस द्यायला नेलं तर दवाखान्यात कडाडला, "माझं शरीर माझं आहे! मी नाही म्हणालो!" आणि खरोखर दाराकडे पळाला. सिस्टर हसल्या नाहीत. खाली बसून म्हणाल्या, "अगदी बरोबर बोललास. मी तुला विचारून, आईसमोर टोचते. कुठल्या दंडावर टोचू?" त्याने डावा दंड पुढे केला.

मुख्यसेविका_बीट३

या सिस्टरनाच आमच्या प्रशिक्षणाला पाठवा हो :)

स्टेथो

ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहे. आमच्यातल्यांनी एक निकाल तरी वाचायलाच हवा. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींचं प्रकरण होतं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. वेळेवर आणि योग्य कळवणं अत्यंत महत्त्वाचं, ते झालं नाही तर कायद्याचा हेतूच फसतो, असं न्यायालयाचं म्हणणं.

पण सहावीतली मुलगी आणि सतरा वर्षांची, स्वतःच्या मर्जीने मित्राबरोबर असलेली मुलगी, दोघी माझ्यासमोर येतात आणि कायद्याला दोघी सारख्याच. दुसरीला भीती असते की डॉक्टर पोलिसांना सांगतील. मग ती माझ्याकडे न येता भलत्याच माणसाकडे जाऊन गोळ्या घेते. सप्टेंबर २०२२ च्या गर्भपाताच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने थोडी वाट काढली. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करायची गरज नाही. हे माझ्या कितीतरी सहकाऱ्यांना माहीत नाही. आम्हाला एमबीबीएसला फॉर्म भरायला शिकवलं, त्या मुलीशी बोलायला नाही.

चावडी

ग्रामसेवक आहे. आमच्यावर बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणूनही जबाबदारी आहे, अंगणवाडी ताई मदतीला. कागदावर ग्राम बाल संरक्षण समितीही असते. सरपंच अध्यक्ष. आता लग्नघर सरपंचाच्या भावकीतलं निघालं तर?

आमच्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. मुलगी मागे कुणाकडे ठेवायची या काळजीने पंधराव्या वर्षी लग्न लावतात. मी प्रशिक्षणात कायदा शिकलो. पण तो बाप "मुलगी कुठे ठेवू ते सांगा" म्हणाला तर त्याला काय उत्तर द्यायचं, ते स्वतःच शोधावं लागलं. हंगामी वसतिगृहाची यादी, मुख्याध्यापकांचा नंबर आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा नंबर आता वहीच्या पहिल्या पानावर आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या  गावात एका मुलीचं

*(संपादकीय सूचना: पुढचा मजकूर काढला आहे. गाव, घराणं, शाळा, वय अशा तपशिलांतून मुलाची ओळख पटू शकते. पोक्सोच्या कलम २३ खाली माध्यमांत अशी ओळख उघड करायला मनाई आहे. अनुभव जरूर लिहा, खुणा टाळा.)*

चावडी

चूक झाली. काढलंत ते बरं केलंत. पुढे लिहिताना लक्षात ठेवीन.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते, मूळची सांगलीची. इथे प्रत्येक शाळेत एक ठरावीक माणूस या कामासाठी नेमलेला असतो. त्याचं प्रशिक्षण दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं. बाकी सर्वांना, अगदी स्वयंपाकघरातल्या बायकांनाही, निदान वर्षातून एकदा नवी माहिती दिली जाते, आणि शिक्षकांनी सरकारी मार्गदर्शिकेचा पहिला भाग वाचायचाच असतो. इथेही चुका होतात, मोठ्या होतात. पण एक गोष्ट मला फार उपयोगी वाटली. माझं काम तपास करणं नाही. ऐकायचं, लिहायचं, त्याच दिवशी त्या माणसाकडे द्यायचं. खरं-खोटं ठरवायचं ओझं माझ्यावर नाही.

प्रश्न विचारायचेच तर "सांग ना", "मग काय झालं?" एवढेच. "त्याने तुला हात लावला का?" असं विचारलं की शब्द आपण मुलाच्या तोंडात घातला, आणि पुढे कोर्टात ते मुलावरच उलटतं.

खडू_फळा

लीड्सकर, "खरं-खोटं ठरवायचं ओझं माझ्यावर नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. मला कुणी असं सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, आधी शहानिशा करायची, मग कळवायचं. शहानिशा करायला मी कोण? आणि त्या नादात चार दिवस जातात, घरात दडपण येतं, पोर शब्द फिरवतं.

गुडघ्याचा प्रश्न मात्र उरतोच.

सावली

सर, गुडघ्याला हात लावा! चारचौघांत, उघड्या दारी, "औषध लावू का?" असं विचारून. वरच्या सिस्टरनी केलं तसंच. मुलांना माया करणाऱ्या पुरुष शिक्षकांची फार गरज आहे. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून पाहणी केली होती. लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. मुलगा हे सांगायला बहुतेक वेळा बाईकडे जात नाही. तो तुमच्यासारख्या सरांकडेच येईल, आणि तो आला तेव्हा तुम्ही चार हात लांब उभे असाल तर तो सांगणार नाही.

खडू_फळा

पटलं. आभारी आहे.

सातपुडा

आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. भाषेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या मुली घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. पहिलीतल्या मुलीला मराठीत "पोट" आणि "पोटाच्या खाली" यातला फरक सांगता येत नाही. प्रशिक्षणातली चित्रं गोऱ्या, फ्रॉकवाल्या शहरी मुलीची. माझ्या मुली त्या चित्राकडे बघून लाजत नाहीत, ओळखतच नाहीत.

आम्ही चौघी जणींनी मिळून, स्वयंपाकीण मावशींना मध्ये घेऊन, शरीराच्या सगळ्या अवयवांचे पावरी शब्द एका कागदावर लिहिले. मावशी आधी तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. नंतर गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "हे शब्द आमाला बी कुनी बोलू दिले नाय." तो कागद माझं सर्वात मोठं साधन आहे. कायद्यात दुभाष्याची सोय आहे, पण दुभाषी येईपर्यंत रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि मुलगी माझ्याच खोलीच्या दारात उभी असते.

आणि मुलं सांगतात बहुतेक वेळा मावशींना, शिपाईमामांना, बसच्या ताईंना. नियमाप्रमाणे संस्थेतल्या सगळ्याच कर्मचाऱ्यांना, शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या, अधूनमधून प्रशिक्षण द्यायचं आहे. माझ्या मावशींना आजवर एकदाही बोलावणं आलेलं नाही.

स्टेथो

सातपुडा, तो शब्दांचा कागद आमच्या रुग्णालयाला मिळेल का? गंभीरपणे विचारतोय.

सातपुडा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते डॉक्टर.

कोकणकडा

धागाकर्तीने साधनंही विचारली होती, ती राहिलीच.

सावली

मला उपयोगी पडलेलं सांगते. १०९८ ही चोवीस तास चालणारी मोफत हेल्पलाइन. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली, २०२३ पासून सरकार स्वतः चालवतं आणि ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाला जोडली आहे. मुलंच नाही, आपणही "असं झालंय, काय करू" म्हणून तिथे फोन करू शकतो. मुंबईची 'अर्पण' संस्था शिक्षक-पालकांसाठी वैयक्तिक सुरक्षेचं शिक्षण देते, त्यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' हा २०२० मध्ये सुरू झालेला उपक्रम, मुलांशी बोलायच्या पद्धतींवर त्यांचं काम फार चांगलं आहे.

पण यातलं काहीही एकटीने बघू नका. दोघी-तिघी मिळून बघा आणि मग उठून करून बघा. आणखी एक, ज्यांनी ऐकलंय त्यांनाही कुणाशी तरी बोलायला लागतं. मी पहिल्या वर्षी झोपत नव्हते. आता महिन्यातून एकदा आम्ही सहाय्यक व्यक्ती एकत्र बसतो, नाव न घेता बोलतो, रडतो, चहा पितो. याला प्रशिक्षण म्हणत नाहीत, पण याच्याशिवाय माणूस टिकत नाही.

चावडी

घरातलाच माणूस असेल तर पालकांना कधी सांगायचं?

खाकी_निवृत्त

छळणारा घरातला असण्याची शंका असेल तर आधी घरी फोन करू नका. आधी १०९८ किंवा पोलीस. आम्हाला माहिती मिळाली की चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं बंधन असतं. मूल त्या रात्री कुठे राहणार हे समिती बघते. मुलाला मात्र सांगून ठेवा की पुढे काय होणार आहे. न सांगता पोलीस दारात आले तर त्याला वाटतं, आपणच काही गुन्हा केला.

पाटी_पेन्सिल (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी परत येतेय. तुम्ही सर्वांनी जे लिहिलंत ते मी वहीत उतरवलं आणि केंद्रप्रमुखांना दाखवलं. त्यांनी या महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक तास दिला. आम्ही बावीस जण होतो. पडदा नाही, कलमं नाहीत. जोड्या लावल्या. एकाने मूल व्हायचं, एकाने शिक्षक.

माझ्या जोडीला आमच्या केंद्रातले सर्वात ज्येष्ठ सर आले, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे. ते मूल झाले. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, पण खुर्चीवर बसल्या बसल्या ते बाकाची कड बोटाने खरवडायला लागले, वर न बघता. माझा आवाजच फुटेना. मग सावली ताईंचं पहिलं वाक्य म्हटलं. "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत." घाईत अहोजाहो केलं! सगळे हसले, सरही हसले. दुसऱ्यांदा नीट म्हटलं. तिसऱ्यांदा जमलं. नंतर बाहेर चहा घेताना सर एवढंच म्हणाले, "आमच्या लहानपणी असं कुणी म्हणालं असतं तर." मी पुढे काही विचारलं नाही. त्यांच्याजवळ उभी राहिले.

आता शाळेच्या हजेरीपटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. चार वाक्यं, १०९८, ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यांचं नाव-नंबर, जिल्हा कक्षाचा नंबर. खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही वाचून दाखवला, पुढच्या परिषदेला त्यांना बरोबर नेणार आहे.

सावली ताई, एक शंका राहिली. सराव करताना सगळ्यात जास्त अडलं ते इथे. मूल बोलता बोलता मध्येच थांबलं तर किती वेळ गप्प बसायचं? आम्हाला पाच सेकंदही धीर निघाला नाही, प्रत्येकाने काहीतरी बोलून टाकलं.

सावली

आम्ही मनातल्या मनात वीस आकडे मोजायचो, अगदी सावकाश. सुरुवातीला वीस फार लांब वाटतात. तोवर हाताला काहीतरी काम द्या, तुमच्याही आणि त्याच्याही. खडू मोडायचे, पेन्सिलींना टोक काढायचं, फौजदार ताईंचं सूप. वीस झाले तरी बोललं नाही तर "मी इथेच आहे" म्हणा आणि पुन्हा एकपासून मोजा.